शाश्वत विकासातली संशोधनाधारित मास्टर्स : शेततळ्यांचा विषय दोन वर्षांत बसवायचा कसा?

कोरडवाहू

नमस्कार मंडळी. बी.एस्सी. (कृषी) चं शेवटचं वर्ष चालू आहे. पुढे शाश्वत विकास या क्षेत्रात मास्टर्स करायची आहे, पण लेक्चरं, परीक्षा आणि शेवटी एक बारकासा प्रोजेक्ट अशी नको. स्वतः मोजमाप करून प्रबंध लिहायचा आहे. पुढे पीएच.डी. करायचंही मनात आहे.

विषय ढोबळमानाने ठरलाय : अवर्षणप्रवण भागातली प्लॅस्टिक अस्तराची शेततळी आणि भूजल. तळं कागदोपत्री पावसाचं पाणी साठवायला असतं, प्रत्यक्षात पुष्कळ तळी विहीर-बोअर उपसून भरली जातात आणि उन्हाळ्यात डाळिंब, मोसंबी, द्राक्ष जगवतात. बागायतदार तगतो, शेजाऱ्याच्या विहिरीचं काय होतं? याला शाश्वत म्हणायचं का?

विचारायचं ते असं. एक, यासाठी नेमकी कुठली पदवी धरावी? दोन, दोन वर्षांत हे मोजून होण्यासारखं आहे का? तीन, लोक कुठे अडकतात? "आवड असेल ते करा" छापाची उत्तरं नकोत, आकडे आणि पद्धत सांगा.

दख्खनी

पदवीच्या नावावर जाऊ नका. 'सस्टेनेबल डेव्हलपमेंट' ठळक अक्षरांत छापलेल्या कित्येक पदव्यांत प्रबंध नावापुरता असतो, आणि ज्यांच्या नावात त्याचा मागमूस नाही तिथे वर्षभर शेतात काढावं लागतं. माहितीपत्रकात एकच आकडा शोधा : एकूण श्रेयांकांपैकी (क्रेडिट) प्रबंधाला किती.

राज्यातल्या अकृषी विद्यापीठांत नव्या शैक्षणिक धोरणानंतर दोन वर्षांची पदव्युत्तर पदवी ८८ श्रेयांकांची झाली. त्यात संशोधन प्रकल्प तिसऱ्या सत्रात ४ आणि चौथ्यात ६, म्हणजे सगळे मिळून १०. कृषी विद्यापीठातली एम.एस्सी. (कृषी) आयसीएआरच्या (भारतीय कृषी संशोधन परिषद) आराखड्याप्रमाणे ७० श्रेयांकांची, त्यातले ३० प्रबंधाचे. नवांश कुठे आणि चाळीस टक्क्यांच्या वर कुठे! तुम्ही ज्या संशोधनाधारित पदवीच्या शोधात आहात ती राहुरी, अकोला, परभणी, दापोलीत आधीपासूनच आहे, फक्त तिला कोणी त्या नावाने हाक मारत नाही.

तुमच्या पदवीवरून मृदविज्ञान, कृषिविद्या, कृषी अर्थशास्त्र, विस्तार शिक्षण हे विभाग सरळ उघडे आहेत. मृद व जलसंधारण अभियांत्रिकीला कृषी अभियांत्रिकीची पदवी लागते, तिकडे उगाच वेळ घालवू नका. तुमचा विषय कृषी अर्थशास्त्र किंवा मृदविज्ञान दोन्हीकडे बसतो, पण बसवण्याची तऱ्हा वेगळी. त्याबद्दल खाली कोणीतरी लिहीलच.

एक सावधगिरी. कृषी विद्यापीठात मार्गदर्शक विभाग ठरवून देतो, आणि विषय बहुतेकदा विभागात चालू असलेल्या प्रकल्पाच्या आसपासचाच मिळतो. प्रवेशाआधी विभागात जाऊन मागच्या तीन-चार वर्षांचे प्रबंध ग्रंथालयात चाळा. सगळे जर खतांच्या मात्रेचे किंवा वाण-चाचणीचे असतील, तर तुमचा प्रस्ताव समितीत रेटायला खूप जोर लावावा लागेल. भूजलावर काम करणारा एखादा प्राध्यापक दुसऱ्या विभागात असेल तर त्याला सल्लागार समितीवर घ्या. ते नियमात बसतं आणि फार उपयोगी पडतं.

इतर पर्याय : टाटा समाजविज्ञान संस्थेच्या तुळजापूर आवारात उपजीविका आणि नैसर्गिक संसाधनांच्या कारभारावरचे एम.ए. आहेत. प्रवेश आता सीयूईटी-पीजी या केंद्रीय प्रवेश परीक्षेतून होतो. क्षेत्रकार्य भरपूर, पण तिथला प्रबंध समाजशास्त्रीय अंगाचा होईल. मोजमापापेक्षा मुलाखतींवर भर. आयआयटी मुंबईच्या सितारा केंद्राचा 'टेक्नॉलॉजी अँड डेव्हलपमेंट' हा एम.टेक. गावात राहून काम करायला लावणारा आहे, त्याला गेट लागते. पात्रतेच्या यादीत तुमची शाखा बसते का, ते त्या वर्षीच्या माहितीपत्रकात पाहूनच अर्ज करा.

पीएच.डी.बद्दल : एम.फिल. यूजीसीने २०२२च्या नियमावलीत बंद केली, त्यामुळे कोणी "मधे एम.फिल. कर" म्हणालं तर ती माहिती शिळी आहे. त्याच नियमावलीप्रमाणे चार वर्षांच्या पदवीत ७५ टक्के असतील तर मास्टर्सशिवायही पीएच.डी.ला अर्ज करता येतो, मास्टर्सनंतर ५५ टक्के पुरतात, आणि राखीव प्रवर्गांना ५ टक्के सवलत. तरी या विषयाला मास्टर्स गाळू नका. मोजमापाचा हात त्यातच बसतो.

आणि पैशाचं आत्ताच लक्षात घ्या. बार्टी, सारथी, महाज्योती यांच्या अधिछात्रवृत्त्या पीएच.डी.साठी आहेत. मास्टर्सच्या क्षेत्रकामाचं पेट्रोल त्यातून निघत नाही.

पाणमोजणी

विषय चांगला आहे, पण "शेततळ्यांचा भूजलावर परिणाम" असं शीर्षक घेऊन समितीपुढे गेलात तर पहिल्याच प्रश्नाला गडबडाल. आधी कागदावर हिशोब करून पाहा.

'मागेल त्याला शेततळे' योजनेतलं (२०१६) मोठ्यात मोठं तळं ३० × ३० × ३ मीटर. बाजूचा उतार १:१ धरला तर वर ३० × ३०, तळाला २४ × २४. घनफळ सुमारे २,१९६ घनमीटर, म्हणजे जवळपास २२ लाख लिटर. आता विहिरीवर ५ एचपीची मोटर आहे असं समजा. २०० लिटरचा ड्रम पाइपाखाली धरून घड्याळ लावा. ४० सेकंदांत भरला तर ५ लिटर प्रति सेकंद, तासाला १८ घनमीटर. हे तळं भरायला १२२ तास लागतात. दिवसाला ८ तास थ्री-फेज मिळाली आणि विहीर तेवढं देत राहिली, तर पंधरवड्यात तळं भरतं. एवढा साधा हिशोब प्रस्तावात असला तरी समिती सरळ बसून ऐकते.

आता जमिनीखालचं पाहू. दख्खनच्या बेसॉल्टमध्ये विशिष्ट उत्पादनक्षमता (खडकाच्या घनफळातून निथळून हाती येणाऱ्या पाण्याचं प्रमाण) साधारण १ ते ३ टक्के. १०० हेक्टरचं पाणलोट घेतलं आणि २ टक्के धरली, तर पाण्याची पातळी १ मीटर उतरणं म्हणजे २०,००० घनमीटर पाणी, म्हणजे वर सांगितलेल्या मापाची ९ तळी. पण १ टक्का धरलीत तर साडेचार तळ्यांतच पातळी मीटरभर खाली जाते, आणि ३ टक्के धरलीत तर साडेतेरा लागतात. तुमच्या निष्कर्षातली सगळ्यात मोठी अनिश्चितता इथे बसलेली आहे. तळी मोजण्यात किंवा पाऊस मोजण्यात ती नाही. म्हणून निदान दोन-तीन विहिरींवर उपसा चाचणी करा. मोटर चालू ठेवून पातळी उतरताना आणि बंद केल्यावर वर येताना ठरावीक मिनिटांनी नोंदवा. विहिरीचा व्यास मोठा असतो, त्यामुळे सुरुवातीचं पाणी विहिरीतच साठलेलं असतं, खडकातून आलेलं नसतं. पाठ्यपुस्तकातली बोअरची सूत्रं तशीच लावली की उत्तर हमखास चुकतं. मोठ्या व्यासाच्या विहिरींसाठी वेगळ्या पद्धती आहेत, त्या वापरा.

पातळी घेताना होणाऱ्या चुका, ज्या प्रबंधाच्या तोंडी परीक्षेत बाहेर पडतात :

मोटर चालू असताना किंवा नुकती बंद झाल्यावर घेतलेली पातळी ही स्थिर पातळी नसते. रात्रपाळीची वीज असलेल्या आठवड्यात पहाटे गेलात तर विहीर रात्रभर उपसलेली असते. त्या फीडरचं वेळापत्रक आधी मिळवा, आणि "मोटर शेवटची कधी बंद केली" हा रकाना प्रत्येक नोंदीत ठेवा.

कठड्याची उंची. टेप कठड्यावरून सोडतात आणि वजा करायला विसरतात. एका विहिरीचा कठडा ३० सेंटिमीटर, दुसरीचा ९०. तुम्ही शोधताय तो फरकच कधीकधी तेवढा असतो. विहिरीच्या कठड्यावर ऑइल पेंटने खूण करा आणि दर वेळी त्याच खुणेवरून मोजा.

फोनच्या जीपीएसची उंची. आडव्या दिशेला चालते, उभ्या दिशेला दहा-पंधरा मीटरची चूक सहज. त्यावरून भूजल पातळीचे समोच्च नकाशे काढू नका. फारच गरज असेल तर सर्वेक्षणाचं लेव्हल यंत्र फिरवून विहिरी एकमेकींशी जोडा.

एका पाणलोटात ३०-४० विहिरी पुरतात. त्याहून जास्त घेतल्या तर एका दिवसात फेरी पुरी होत नाही, आणि चार दिवसांत पसरलेली फेरी म्हणजे चार वेगवेगळ्या पातळ्या.

भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणा आपल्या निरीक्षण विहिरींची पातळी वर्षातून चारदा घेते : जानेवारी, मार्च, मे आणि पावसाळा सरल्यावर. तुमच्या फेऱ्या त्याच महिन्यांत ठेवा, म्हणजे त्यांची जुनी मालिका तुमच्या आकड्यांना जोडता येते. ती मालिका वापरताना एक खाच : मे महिन्यात कोरडी पडलेली विहीर काही ठिकाणी रिकामा रकाना असते, काही ठिकाणी तळाची खोली टाकलेली असते. रिकामे रकाने गाळून सरासरी काढली की दुष्काळाचं वर्षच नाहीसं होतं आणि आलेख छान सपाट दिसतो. "पातळी निदान इतकी तरी खोल" अशी नोंद धरून, त्यासाठी असलेली सांख्यिकी पद्धत वापरा.

नकाशावाला

उपग्रहाबद्दल, कारण हे कोणीतरी सुचवणारच : "सेंटिनेल-२ घे, एनडीडब्ल्यूआय (प्रतिमेतलं पाणी ओळखायचा निर्देशांक) काढ, तळी मोज." तसं होत नाही.

सेंटिनेल-२चा पिक्सेल १० मीटरचा. ३० × ३० चं तळं म्हणजे जाळीत नेमकं बसलं तर ९ पिक्सेल, नाही बसलं तर शुद्ध पाण्याचे फक्त ४, बाकी बांध आणि माती मिसळलेले. १५ × १५ चं तळं म्हणजे एखादा पिक्सेल, तोही नशिबात असेल तर. त्यातून पाण्याचं क्षेत्रफळ काढणं म्हणजे शुद्ध अंदाज. शिवाय रिकाम्या तळ्यातला काळा कागद (म्हणजे प्लॅस्टिकचं अस्तर) नजीकच्या अवरक्त किरणांत पाण्याइतकाच काळा दिसू शकतो, आणि 'भरलेलं' म्हणून मोजला जातो.

चालणारी पद्धत : गूगल अर्थमधल्या जुन्या प्रतिमा उघडा, प्रत्येक तळ्याभोवती हाताने बहुभुज काढा, कुठल्या वर्षीच्या प्रतिमेत ते पहिल्यांदा दिसतं ते नोंदवा. १०० हेक्टरच्या पाणलोटाला एक बैठक पुरते, अख्ख्या तालुक्याला महिना जाईल. सेंटिनेल फक्त एवढ्यासाठी : हाताने काढलेल्या तळ्याच्या मध्यावरचा पिक्सेल घेऊन तळं अमुक तारखेला भरलेलं होतं की रिकामं. ५ दिवसांनी एक प्रतिमा मिळते, म्हणून ऑक्टोबर ते मे हे चित्र छान उभं राहतं. जून ते सप्टेंबर ढग. त्याचं फार वाईट वाटून घेऊ नका, कारण तुमचा खरा पुरावा पावसाळ्यानंतरच आहे. पाऊस संपल्यावर, नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये रिकामं असलेलं तळं भरताना दिसलं, तर ते पाणी अपधावेचं (पावसाचं जमिनीवरून वाहून आलेलं) नाही. आकाशातून दिसणारा यापेक्षा पक्का पुरावा मला ठाऊक नाही. कॅनॉल किंवा नदीवरची उपसा योजना जवळ नाही ना, एवढं मात्र पाहून घ्या.

शेतात गेल्यावर ओळखायची खूण : तळ्याला पाणी आत येण्याचं तोंड आहे का, त्याआधी गाळ अडवायचा खड्डा आहे का, की चारी बाजूंनी बांध जमिनीच्या वर उचललेला आहे आणि काठावरून पाइप आत सोडलाय. उचललेल्या बांधाच्या तळ्यात अपधाव शिरायला वाटच नसते.

पावसासाठी हवामान खात्याचा जाळीचा डेटा (पाव अंश, म्हणजे पंचवीसेक किलोमीटरचा चौकोन) एका पाणलोटाला निरुपयोगी. महसूल मंडळनिहाय नोंदी घ्या, महावेधची स्वयंचलित हवामान केंद्रं मंडळ पातळीवर आहेत. आणि गावात एक साधं पर्जन्यमापक स्वतः बसवा. एकाच मंडळात दोन गावांच्या पावसात निम्म्याने फरक पडलेला कुठल्याही शेतकऱ्याला विचारा.

पायलीभर

वरचं सगळं जलविज्ञान झालं. तुमचा मूळ प्रश्न मात्र वाटपाचा आहे : एकाची बाग आणि दुसऱ्याची कोरडी विहीर. तो विषय कृषी अर्थशास्त्राचा, आणि तिथेच बहुतेक प्रबंध आपटतात.

नेहमीचा आराखडा असा असतो : तळं असलेले ६० शेतकरी, नसलेले ६०, दोघांच्या उत्पन्नाची सरासरी, टी-टेस्ट, "शेततळ्यामुळे उत्पन्न वाढले". यात काहीच सिद्ध होत नाही. ज्याच्याकडे आधीच जास्त जमीन, बरी विहीर आणि कागदाला लागणारे पैसे होते, त्यानेच तळं केलं. 'मागेल त्याला शेततळे' योजनेत अनुदानाची कमाल मर्यादा ५०,००० रुपये होती. खोदाई, ५०० मायक्रॉनचा कागद आणि कुंपण त्यात भागत नाही, वरची भर ज्याच्या खिशात होती तोच पुढे गेला. उत्पन्नातला फरक तळ्याचा की आधीच्या संपत्तीचा, हे त्या टी-टेस्टला कळत नाही.

यातून वाट काढायची तर तळ्याच्या आधीची माहिती हवी. आठवणीवर विसंबू नका. सात-बाऱ्यावरची जुनी पीकनोंद मिळवा. ई-पीक पाहणी राज्यभर १५ ऑगस्ट २०२१ पासून, त्याआधीच्या नोंदी तलाठ्याने केलेल्या, त्यांचा दर्जा गावागणिक बदलतो. दोन्ही मालिका एकत्र जोडताना तो सांधा उघड सांगा. लाभार्थ्यांची यादी तालुका कृषी कार्यालयातून घ्या. नाही मिळाली तर माहिती अधिकार, १० रुपये शुल्क, ३० दिवस. पहिल्याच सत्रात अर्ज टाका. अपिलात गेलं तर आणखी महिने जातात.

नमुन्याचा आकार : लोक डोळे मिटून ३८४ लिहितात. तो आकडा मोठ्या लोकसंख्येचा. गावात खातेदार ४०० असतील तर मर्यादित लोकसंख्येची दुरुस्ती लावून १९६ येतात. पण तुम्ही एका गावातून दहा-दहा जण असे २० गावांत फिरणार असाल, तर गावातली माणसं एकमेकांसारखी असतात हे धरावं लागतं. गावांतर्गत सहसंबंध ०.१ जरी असला तरी प्रभावी नमुना जवळपास निम्मा होतो (१ + ९ × ०.१ = १.९ ने भागा). माझं मत विचाराल तर एका माणसाच्या मास्टर्सला २० गावं नकोतच. दोन पाणलोट घ्या, शेजारशेजारचे, सारख्या खडकाचे, एकात तळी दाट आणि दुसऱ्यात विरळ, आणि तिथे खोल जा.

कोरडवाहू

सगळ्यांचे आभार, एवढं मिळेल असं वाटलं नव्हतं. विषय आता बराच आकसला, ते बरंच झालं. आणखी तीन शंका.

अ) मोजायला प्रत्यक्षात एकच पावसाळा मिळेल. तेवढ्यावर "परिणाम" म्हणता येईल का?
आ) बाष्पीभवन कसं धरू? जवळ पॅन (बाष्पीभवन मोजायचं उघडं भांडं) नाही.
इ) बोअर किती खोल, हे लोक खरं सांगतील का?
परदेशातल्या संशोधनाधारित पदव्यांबद्दलही कोणी लिहिलं तर बरं.

दख्खनी

अ) नाही म्हणता येणार. म्हणून प्रश्नच बदला. "तळ्यांमुळे भूजल किती खाली गेलं" याला दहा वर्षं लागतात. "या पाणलोटात एका जलवर्षात (जून ते मे) तळी भरायला किती भूजल उपसलं, त्यातलं किती बाष्पीभवनाने गेलं, आणि ते कोणाच्या विहिरीतून आलं" याला एक जलवर्ष पुरतं. जुनी मालिका पार्श्वभूमीला वापरा, निष्कर्षाला नको.

वेळापत्रकाचा मालक पाऊस आहे, विद्यापीठ नाही. प्रवेश पावसाळ्यात किंवा तो सरताना होतो. पहिलं सत्र अभ्यासक्रमात जातं. संशोधनाची रूपरेषा फेब्रुवारी-मार्चमध्ये मंजूर झाली तर मेची फेरी मिळते, मग ऑक्टोबर, जानेवारी, मार्च. एक अख्खं जलवर्ष हाती येतं आणि लिहायला तीनेक महिने उरतात. मंजुरी जूनपर्यंत रेंगाळली की मे हुकला, आणि पुढचा मे प्रबंध जमा करायच्या तारखेवर येऊन आदळतो. म्हणून समितीच्या बैठकीची वाट पाहत बसू नका. मार्गदर्शकांच्या तोंडी संमतीने पहिल्या जानेवारीतच विहिरींची यादी, रंगाच्या खुणा आणि सरावाची फेरी उरकून घ्या.

आयआयटीच्या सितारा केंद्राने पोकरा प्रकल्पासाठी (नानाजी देशमुख कृषी संजीवनी) गावपातळीच्या पाण्याच्या ताळेबंदाची पद्धत बसवली आहे. सांगाडा तिथून घ्या, तुमच्या पाणलोटाचे आकडे भरा. शून्यातून प्रतिमान बांधायचा हट्ट मास्टर्सला परवडत नाही.

पाणमोजणी

आ) जवळच्या कृषी हवामान केंद्राचे पॅनचे आकडे घ्या आणि ०.७ ने गुणा. मे महिन्यात पॅन १० मिमी दाखवत असेल तर तळ्यावरून ७ मिमी. काठोकाठ भरलेल्या ९०० चौरस मीटरवरून ते ६.३ घनमीटर, दिवसाला ६,३०० लिटर. पण तळं अर्ध्या खोलीवर, दीड मीटरवर आलं की पाण्याचा पृष्ठभाग २७ × २७ म्हणजे ७२९ चौरस मीटरच उरतो, आणि आकडा ५.१ घनमीटरवर येतो. पूर्ण मोसम वरच्या मापाने गुणून बाष्पीभवन फुगवलेले हिशोब मी पाहिलेत, परीक्षकही पाहतात. फेब्रुवारी ते मे १२० दिवस, सरासरी ५ मिमी आणि मधला पृष्ठभाग ८०० चौरस मीटर धरला तर ४८० घनमीटर, म्हणजे भरलेल्या पाण्याचा साधारण पाचवा हिस्सा. ०.७ हा गुणक लहान, उघड्यावरच्या, भोवती तापलेली जमीन असलेल्या तळ्याला कमी पडू शकतो, म्हणून ०.६ ते ०.९ अशी रेंज देऊन निष्कर्ष कितपत हलतो ते दाखवा.

पडताळा स्वस्तात होतो. दोन-तीन तळ्यांत मीटरपट्टी उभी करा (कागदाला भोक पडू नये म्हणून काँक्रीटच्या ठोकळ्यात रोवून, खाली जुन्या गोणपाटाची घडी). पाणी सोडत-भरत नसतील असे चार-पाच दिवस शेतकऱ्याकडून सांगून घ्या आणि रोज त्याच वेळी पातळी वाचा. घट हिशोबापेक्षा खूपच जास्त आली तर कागद फाटलाय. उंदीर-खेकडे आणि सांध्याचं खराब वेल्डिंग ही दोन नेहमीची कारणं.

इ) सरळ विचारलंत तर नाही सांगणार, आणि त्यात त्यांचा दोष नाही. महाराष्ट्र भूजल अधिनियम, २००९ प्रमाणे ६० मीटर किंवा त्याहून खोल विहीर शेतीसाठी घेण्यावर निर्बंध आहेत. वही घेऊन आलेल्या अनोळखी माणसाला दोनशे फुटांच्या पुढचा आकडा कोण देईल? तुमच्या सर्वेक्षणात सगळ्या बोअर १८०-१९० फुटांवर गोळा झाल्या तर तो खडकाचा गुण नव्हे, प्रश्न विचारण्याच्या तऱ्हेचा.

खोली विचारूच नका. "मोटर किती फुटांवर सोडलीय", "मोटर वर काढायला किती वेळ लागला", "केबल किती मीटर आणली होती" असं विचारा. ही उत्तरं सहज येतात, कारण मोटर जळल्यावर तो खर्च प्रत्येकाने सोसलेला असतो. गावात बोअरच्या मोटरी काढणारा-घालणारा एखादा मिस्त्री असतोच. व्यक्तींची नावं न घेता "या शिवारात सर्वसाधारण कितीवर मोटर असते" एवढंच त्याच्याकडून पडताळून घ्या.

उत्तरवारा

परदेशाबद्दल थोडक्यात. वरची श्रेयांकांची पट्टी तिथेही लावा. ब्रिटनमधली नेहमीची एम.एस्सी. १८० श्रेयांकांची, प्रबंध बहुधा ६०, एम.रेस. असेल तर निम्म्याहून जास्त संशोधन. स्वीडनमध्ये लुंड विद्यापीठाची ल्यूमेस ही पर्यावरण आणि शाश्वततेवरची पदवी १९९७ पासून चालू आहे, १२० पैकी ३० श्रेयांक प्रबंधाचे. कॅनडात 'थीसिस-बेस्ड' आणि 'कोर्स-बेस्ड' अशी सरळ फाळणी असते. पहिलीला प्राध्यापकाची संमती आधी मिळवावी लागते आणि खर्चाला बहुधा काहीतरी हातभार लागतो, दुसरीला तो सहसा नसतो.

जर्मनीत बहुतेक सरकारी विद्यापीठांत शिकवणी शुल्क नाही, पण बाडेन-वुर्टेम्बर्गमध्ये युरोपीय संघाबाहेरच्यांना सत्राला १,५०० युरो. व्हिसासाठी एपीएस प्रमाणपत्र (भारतीय गुणपत्रिकांची पडताळणी) लागतं, ते आधी काढायला टाका. डाडची (जर्मन शैक्षणिक विनिमय सेवा) विकासविषयक पदव्यांची ईपॉस शिष्यवृत्ती पदवीनंतर दोन वर्षांचा कामाचा अनुभव मागते, त्यामुळे शेवटच्या वर्षातून थेट अर्ज करून उपयोग नाही. इरास्मस मुंडसला (युरोपीय विद्यापीठांच्या संयुक्त पदव्यांची शिष्यवृत्ती) अनुभवाची सरसकट अट नसते, निवड झाली तर महिन्याला १,४०० युरो.

पण तुमच्या विषयासाठी मी आत्ता जाऊ नका म्हणेन. तिथली सत्रं देशागणिक ऑगस्ट-ऑक्टोबर ते मे-जुलै. मे आणि ऑक्टोबर या दोन्ही फेऱ्यांना तुम्ही पाणलोटात हजर राहणं एका वर्षाच्या पदवीत जमत नाही, दोन वर्षांच्या पदवीतही विमानभाड्यावरच अर्धा निधी जाईल. मास्टर्स इथे करा, मोजलेला डेटा हातात घेऊन पीएच.डी.साठी बाहेर अर्ज करा. प्राध्यापकाला पहिला ईमेल पाठवताना स्तुतीचे परिच्छेद नकोत. दोन ओळी प्रश्नाच्या, एक ओळ पद्धतीची, एक आलेख जोडलेला.

पायलीभर

एक राहिलं. सर्वेक्षणाला जाण्याआधी संस्थेच्या नैतिकता समितीची मंजुरी घ्या. कृषी विद्यापीठात कोणी मागणार नाही कदाचित, पण पुढे शोधनिबंध छापताना नियतकालिक मागतं आणि मागाहून ती मिळत नाही. संमतीपत्र मराठीत, एका पानाचं. बोअरची माहिती महसूल किंवा भूजल कार्यालयाला दिली जाणार नाही हे त्यात स्पष्ट लिहा, आणि ते पाळा. म्हणजे प्रबंधातल्या नकाशावर गट नंबर नकोत, विहिरींचे नेमके अक्षांश-रेखांशही नकोत. बिंदू शंभर-दोनशे मीटर हलवून छापा, मूळ फाइल मार्गदर्शकांकडे ठेवा.

फॉर्म कोबोटूलबॉक्सवर मराठीत बनवा, फोनला रेंज नसतानाही चालतो. प्रत्येक मोजमापापुढे एककाचा वेगळा रकाना ठेवा : विहीर कोणी फुटांत सांगतं, कोणी परसात, आणि परस किती फुटांचा हे त्या गावात विचारून फॉर्मच्या पहिल्याच पानावर लिहा. जमीन एकर-गुंठ्यात घ्या, हेक्टरचं रूपांतर नंतर संगणकावर. एका मुलाखतीला पाऊण तास धरला तरी, वाट आणि चहा धरून, दिवसाला पाचच्या वर होत नाहीत. १९६ म्हणजे चाळीस दिवस. ते ऑक्टोबरच्या फेरीला जोडू नका, तेव्हा सोयाबीनची काढणी आणि रब्बीची पेरणी एकदम चालू असते, कोणी बसून बोलत नाही. जानेवारी धरा.